ओल्ड रेक्टरी: पुढची भिंत एका शतकाची, मागचं घर दुसऱ्याचं

प्रश्न थोडक्यात असा: लिंकनशायरच्या एका खेड्यात ‘द ओल्ड रेक्टरी’ नावाचं घर विकायला निघालं आहे; रेक्टरी म्हणजे गावच्या पाद्र्याचं, रेक्टरचं, घर. पुढची बाजू लाल विटांची, रेखीव. मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या. मागे गेलं की मात्र छत एकदम खाली येतं, भिंती कललेल्या, जिन्याची एक पायरी दुसरीच्या मापाची नाही. दलाल सांगतो, घर १७८० चं, अस्सल जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातलं. ही तारीख खरी मानायची का, खेड्यातल्या एका पाद्र्याला एवढं मोठं घर लागायचंच कशाला, आणि पैसे गुंतवण्याआधी काय तपासायचं, हे तुम्हाला हवं आहे.

इंग्लंडमध्ये जुन्या घरांची पाहणी आणि दुरुस्ती हे माझं रोजचं काम, आणि त्यात रेक्टरी बऱ्याच येतात. घर न पाहता तारीख सांगू नये, पण तुमच्या वर्णनावरून १७८० हे पुढच्या भिंतीचं वय असावं. मागचा भाग तिच्यापेक्षा शंभर-दीडशे वर्षांनी थोरला असण्याचा संभव दांडगा आहे. असं का होतं हे कळायचं तर विटा-लाकडाच्या आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हे घर त्यात राहणाऱ्या माणसाचं कधीच नव्हतं. ते त्याच्या पदाचं होतं.

जमीनदाराचं घर बापाकडून मुलाकडे जातं. रेक्टरी एका रेक्टरकडून पुढच्या रेक्टरकडे जाते, आणि ते दोघे एकमेकांना ओळखतही नसतात. नेमणूक झाली की घर, चर्चची जमीन आणि गावचं उत्पन्न रेक्टरच्या ताब्यात येई. कायद्याने तो हयातभर मालकच, पण घर विकायची मुभा नाही, मुलाच्या नावावर करायची नाही. डागडुजी मात्र त्याच्याच खिशातून. तो वारला किंवा दुसऱ्या गावी गेला की नवा रेक्टर येऊन मोडतोडीची यादी करी आणि तिचा खर्च जुन्याकडून मागे. जुना हयात नसेल तर त्याच्या घरच्यांकडून. याला ‘डायलॅपिडेशन्स’ म्हणत. नवऱ्याला पुरून महिना होत नाही तोच फुटक्या कौलांचं आणि कुजलेल्या चौकटींचं बिल हातात पडलेल्या विधवा त्या काळात कमी नव्हत्या.

अशा व्यवस्थेत घर सलग, शांतपणे वाढत नाही. ज्या रेक्टरकडे सासरचा किंवा वडिलोपार्जित पैसा असे तो हौसेने दर्शनी भाग नवा करी. ज्याच्याकडे नसे तो ठिगळं लावून दिवस काढी. मागचं स्वयंपाकघर पाडून नवं बांधावं असं कुणालाच वाटत नसे, कारण ते पाहुण्यांना दिसत नाही आणि त्याचा फायदा पुढच्याला मिळणार. तुमच्या घराचं पुढून देखणं आणि मागून ओबडधोबड असणं हा या हिशेबाचा परिणाम आहे.

आता पैसा कुठून येई ते. मुख्यतः दशांशातून, म्हणजे गावच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यातून. धान्य, गवत आणि लाकूड हा मोठा दशांश; कोकरं, अंडी, फळं वगैरे छोटा. ज्याला दोन्ही मिळत तो रेक्टर. मध्ययुगात मठांनी कित्येक गावांचं रेक्टरपण स्वतःकडे घेतलं, मोठा दशांश मठात नेला आणि चर्च सांभाळायला छोट्या दशांशावर माणूस नेमला, तो व्हिकर. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले आणि त्यांचे हक्क पुढे सरदार-जमीनदारांच्या हाती गेले. म्हणून साधारणपणे रेक्टरी व्हिकरेजपेक्षा, म्हणजे व्हिकरच्या घरापेक्षा, भारी. अपवाद भरपूर, पण अंदाज बांधायला हा नियम पुरतो. याशिवाय ‘ग्लीब’, म्हणजे चर्चच्या नावची शेतजमीन. आपल्याकडच्या देवस्थान इनामाची कल्पना असेल तर हे पटकन कळेल: जमीन देवाच्या नावाने, कसणारा पदाधिकारी, आणि पद गेलं की जमीनही गेली.

घर मोठं असण्याचं निम्मं उत्तर यातच आहे. दशांश नाण्यात नाही, धान्यात येई. तो साठवायला कोठार, मळणीला जागा, घोडे, गाई, दुधाची खोली, बिअर गाळायची खोली हे सगळं लागे. रेक्टर हा अर्धा शेतकरीच होता. बरेच जण घरी मुलं शिकवायला ठेवत, त्यांच्या झोपायच्या खोल्या वेगळ्या. उरलेलं निम्मं उत्तर लग्नात आहे. १५४९ साली इंग्लंडमध्ये पाद्र्यांना कायद्याने लग्नाची मोकळीक मिळाली. मेरी राणीच्या काळात ती गेली आणि एलिझाबेथच्या राज्यात व्यवहारात परत रूढ झाली. त्याआधी एकट्या पुरुषासाठी बांधलेल्या घरात आता बायको, पोरं आणि मोलकरणी राहायला आल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून या घरांना माळे, पोटमाळे आणि नव्या खोल्या फुटताना दिसतात त्या त्यामुळे.

लग्नाआधीचं पाद्र्याचं घर कसं होतं हे पाहायचं असेल तर ईस्ट ससेक्समधल्या आल्फ्रिस्टनला जा. तिथलं क्लर्जी हाउस चौदाव्या शतकातलं आहे: लाकडी सांगाडा, गवताचं छप्पर, मध्ये थेट छपरापर्यंत उघडी मोठी खोली आणि दोन्ही टोकांना दुमजली भाग. चूल खोलीच्या मधोमध असे आणि धूर छपरातून आपली वाट शोधे. जमीन खडूचा चुरा ठोकून केलेली, वर आंबट दुधाचा हात दिलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे घर पाडायच्या बेतात होतं. १८९६ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने ते १० पौंडांना घेतलं; ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली इमारत. लिंकनशायरमध्ये एवढी जुनी पाद्र्याची घरं क्वचितच मिळतील, पण मधली मोठी खोली आणि दोन टोकं हा आराखडा तुमच्या घराच्या मागच्या भागातही दडलेला असू शकतो. पोटमाळ्यावर चढा आणि तुळया-वाशांना हात लावून पाहा. जुन्या वाशांवर काजळीचा थर असेल तर खाली कधीकाळी उघडी चूल होती, म्हणजे १७८० ची गोष्ट तिथेच संपली.

पण पोटमाळ्यावर चढायच्या आधी एक दिवस लिंकनला, लिंकनशायर आर्काइव्ह्जमध्ये घालवा. पदाच्या मालकीच्या घराचा मोठा फायदा म्हणजे त्याची कागदपत्रं. जमीनदाराने घरात काय केलं हे त्याच्या वारसांनाही ठाऊक नसतं. रेक्टरने काय केलं ते बिशपच्या कचेरीत लिहून ठेवावं लागे. १६०४ च्या चर्चच्या नियमांनी प्रत्येक गावच्या ग्लीबचा आणि घराचा तपशील लिहून द्यायची सक्ती केली. त्याला ‘टेरियर’ म्हणतात. त्यात शेतांच्या चतु:सीमा असतात, आणि नशीब चांगलं असेल तर घराचे खण, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, कुठल्या खोलीत फळ्यांची जमीन आणि कुठे नुसती माती, इतकं सगळं सापडतं.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो, कारण ते सगळ्यांना उघडं आहे. लिंकनशायरच्या वायव्य टोकाला, आयल ऑफ ॲक्सहोम या पूर्वीच्या दलदलीच्या भागात एपवर्थ नावाचं गाव आहे. तिथल्या रेक्टरीचं १६०७ चं टेरियर सांगतं: घर पाच खणांचं, सगळं लाकूड आणि गिलाव्याचं, वर गवताचं छप्पर, तीन मजले, सात मुख्य खोल्या, म्हणजे स्वयंपाकघर, हॉल, बैठकीची खोली, कोठी आणि वर तीन मोठ्या खोल्या. सतराव्या शतकाच्या शेवटी या घरात सॅम्युएल वेस्ली रेक्टर म्हणून आला. त्याची बायको सुझाना. एकंदर १९ मुलं झाली, त्यातली दहा जगली. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन आणि चार्ल्स ही त्यांतलीच दोन.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री हे घर जळालं. लाकूड, गवत आणि कोरडा गिलावा. काही उरलं नाही. पाच वर्षांचा जॉन वरच्या खोलीत अडकला होता. शिडी आणायला वेळ नव्हता, म्हणून एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला आणि खिडकीतून त्याला ओढून काढलं. लगेच छप्पर आत कोसळलं. आग कशी लागली हे ठरलं नाही. गावकऱ्यांचं आणि रेक्टरचं पटत नव्हतं, म्हणून संशय त्यांच्यावर होता.

इमारतीच्या दृष्टीने खरी गोष्ट यानंतरची. सॅम्युएलचं उत्पन्न वर्षाला २०० पौंडांच्या आसपास, तेही कागदावर. कर्जापायी तो १७०५ मध्ये लिंकनच्या किल्ल्यात तुरुंगवास भोगून आलेला. तरी घर पुन्हा उभारणं त्याच्यावरच आलं. त्याने ते विटांचं बांधलं, राणी ॲनच्या काळाच्या धाटणीचं, आणि सुमारे ४०० पौंड खर्च केले: दोन वर्षांचं सगळं उत्पन्न, जे घर आपलं नाही त्याच्यासाठी. पुढे कितीतरी वर्षं ते सामानाविना अर्धं रिकामंच होतं. सुझाना मात्र त्यात शाळा चालवी. १७११-१२ च्या हिवाळ्यात नवरा लंडनला असताना तिने स्वयंपाकघरात रविवारची प्रार्थना सुरू केली आणि दोनशेपर्यंत माणसं जमू लागली. तिथल्या दुय्यम पाद्र्याने तक्रार केली ती अर्थातच चर्च ओस पडल्याची. (१७१६-१७ च्या हिवाळ्यात घरात भूत वावरत होतं आणि मुलींनी त्याचं नाव ‘ओल्ड जेफ्री’ ठेवलं होतं, हे तिथला प्रत्येक मार्गदर्शक सांगेल. मला त्या भुतापेक्षा त्या विटांचं बिल जास्त भीतिदायक वाटतं.) सॅम्युएल थकला तेव्हा त्याला वाटत होतं की जॉनने हे पद घ्यावं, म्हणजे घर आणि आईचा आसरा दोन्ही टिकेल. जॉनने नकार दिला. १७३५ मध्ये सॅम्युएल वारला आणि सुझानाला, स्वतः उभं केलेलं घर सोडून गेन्सबरोला मुलीकडे जावं लागलं. आज ते घर संग्रहालय आहे. १७०९ ची विटांची रेक्टरी कशी असते ते तुम्हाला तिथे हाताने तपासता येईल; आपल्या घराशी ताडून पाहायला याहून चांगली जागा नाही.

तुमच्या दलालाच्या १७८० कडे येऊ. हे साल त्याने अगदीच हवेतून काढलेलं नसावं. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या हजारो पाद्र्यांची घरं पडकी होती आणि कित्येक पाद्री गावात राहतच नव्हते. एकाच माणसाकडे दोन-तीन गावं, तो राहणार सोयीच्या गावी किंवा शहरात, आणि बाकीच्या ठिकाणी तुटपुंज्या पगारावर क्युरेट, म्हणजे दुय्यम पाद्री. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींत निम्म्याच्या आसपास गावांत नेमलेला पाद्री राहत नव्हता. यावर उपाय म्हणून १७७६ मध्ये गिल्बर्टचा कायदा आला. घर नसेल किंवा मोडकळीला आलं असेल तर रेक्टरला पदाचं उत्पन्न गहाण ठेवून कर्ज काढता येऊ लागलं, आणि ते पुढच्या रेक्टरांनी फेडत राहायचं. कर्ज देणाऱ्यांत ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ हा १७०४ मध्ये गरीब पाद्र्यांसाठी स्थापन झालेला निधी होता. पहिल्यांदाच खर्चाचा बोजा एका माणसाच्या आयुष्यापलीकडे वाटला गेला. १७८० ते १८४० या काळात रेक्टरींना जी जॉर्जियन तोंडं फुटली, त्यामागे अभिरुचीइतकंच हे कर्ज आहे. आणि कर्जासाठी बिशपकडे नकाशे आणि अंदाजपत्रक द्यावं लागे. ते गहाणाचे कागद धर्मप्रांताच्या दप्तरात अजून सापडतात: जुन्या घराचा आराखडा, नव्याचा आराखडा, विटा किती, सुताराची मजुरी किती. तुमच्या गावाच्या नावाने ते मागून पाहा. मिळाले तर भिंत न फोडता अर्धी उत्तरं मिळतील.

या काळातला माझा आवडता बांधणारा म्हणजे सिडनी स्मिथ, लंडनच्या बैठकी गाजवणारा विनोदी पाद्री. १८०६ मध्ये त्याला यॉर्कशायरमधलं फॉस्टन हे गाव मिळालं. तिथे दीडशे वर्षांत कुणी पाद्री राहिलेला नव्हता. घर म्हणजे विटांच्या जमिनीचं एक स्वयंपाकघर आणि त्यावर एक खोली. पाद्र्यांनी गावातच राहावं म्हणून १८०३ मध्ये कायदा झाला होता. आर्चबिशपांनी तो लावून धरला तेव्हा स्मिथला बांधणं भाग पडलं. वास्तुविशारदाचा नकाशा त्याला महाग वाटला, म्हणून तो बाजूला ठेवून स्वतःच बांधायला घेतलं. विटा जागेवर भाजल्या तर दीड लाख विटा वाया गेल्या. कुणीतरी बैल घ्यायचा सल्ला दिला, म्हणून चार बैल घेतले आणि त्यांना ‘टग’, ‘लग’, ‘हॉल’, ‘क्रॉल’ अशी ओढाताणीची नावं दिली. ते चिखलात बसकण मारू लागले तेव्हा विकून घोडे आणले. १८१४ च्या मार्चमध्ये कुटुंब राहायला आलं. गावच्या सुताराला गाडीभर फळ्या देऊन फर्निचर करून घेतलं. खर्च झाला सुमारे ४,००० पौंड आणि त्याने कित्येक वर्षं तो कफल्लक राहिला. बाहेरून घर कुरूप आहे हे तो स्वतःच सांगे, पण आतून इतकं सुखाचं दुसरं नाही म्हणे. दारात मोठा कर्णा आणि दुर्बीण ठेवलेली: दुर्बिणीतून शेतावरचे मजूर पाहायचे आणि कर्ण्यातून ओरडायचं. पंधरा वर्षांनी, १८२९ मध्ये, तो सॉमरसेटमधल्या कूम फ्लोरीला गेला आणि तिथली रेक्टरी पुन्हा स्वखर्चाने दुरुस्त करायला बसला. फॉस्टनचं घर पुढच्याच्या पदरात पडलं.

आता तुमच्या पुढच्या भिंतीचं वय डोळ्याने कसं ठरवायचं ते. सरकत्या सॅश खिडक्यांच्या काचांमधल्या लाकडी पट्ट्या पाहा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या दीड इंचाच्या आसपास जाड असत. शतक संपता संपता बारीक होत अर्ध्या-पाऊण इंचावर आल्या. वरच्या तावदानाच्या चौकटीला खाली शिंगासारखी टोकं असतील तर ती खिडकी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची, कारण मोठ्या जड काचा आल्यावर सांध्याला बळकटी लागली. खिडक्या बदलतात, भिंत तीच राहते, हेही लक्षात असू द्या. विटांची रचना अधिक भरवशाची. एक ओळ लांब बाजूंची आणि एक ओळ टोकांची असेल तर ती इंग्लिश बाँड, जुनी पद्धत. एकाच ओळीत लांब-आखूड आलटून पालटून असेल तर फ्लेमिश बाँड, जी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दर्शनी भिंतींसाठी प्रतिष्ठेची झाली. पुढे फ्लेमिश आणि बाजूला इंग्लिश किंवा नुसती ओबडधोबड बांधणी दिसली की पुढची भिंत नंतर चढवली असा अंदाज करायला हरकत नाही. बुजवलेल्या खिडक्या दाखवून दलाल खिडकी-कराची गोष्ट सांगेल. तो कर १६९६ ते १८५१ होता हे खरं, पण जॉर्जियन घरांतल्या पुष्कळ खिडक्या पहिल्या दिवसापासूनच खोट्या असतात. आत धुराडं किंवा जिना आला, बाहेर सममिती हवी, म्हणून विटांचीच खिडकी काढली.

बाजूची त्रिकोणी भिंत तर वाचताच येते. लिंकनशायरमध्ये गवताची छपरं जाऊन लाल पँटाइल कौलं आली. गवताला उतार जास्त लागतो, कौलाला कमी. त्यामुळे छप्पर बदलताना कडा उंचावत आणि भिंतीत जुन्या तीव्र उताराची रेषा विटांच्या वेगळ्या रंगात राहून जाई. ती रेषा तुमच्या मागच्या भागात दिसते का पाहा. त्या भिंती ठोकल्यावर भद्द आवाज येत असेल तर त्या ‘मड अँड स्टड’ असू शकतात. ही या जिल्ह्याची खास पद्धत: लाकडी खांब, त्यांवर उभ्या पट्ट्या ठोकलेल्या, त्यावर माती-गवताचा जाड लेप आणि वरून चुना. नंतर कुणीतरी बाहेरून विटांचं पांघरूण घातलेलं असतं.

व्हिक्टोरियन काळ तुमच्या घराला फारसा लागू नाही, म्हणून पटकन सांगतो. पण तो अगदी सोडवत नाही. १८३६ मध्ये दशांशाचं रूपांतर रोख रकमेत झालं आणि १८३८ च्या कायद्याने एकाकडे अनेक गावं ठेवण्यावर लगाम बसला. घरं बांधायची लाट आली, आणि तरुण वास्तुविशारदांना हे काम मिळालं. डॉर्सेटमधल्या रँपिशमला प्युजिनने जी रेक्टरी बांधली तिच्यात सममितीचा हट्टच सोडला: खोलीला जेवढी हवी तेवढी खिडकी, जिथे हवी तिथे. विल्यम बटरफील्डने ग्लॉस्टरशायरमधल्या कोलपिट हीथच्या व्हिकरेजमध्ये तेच केलं. जॉर्ज एडमंड स्ट्रीटने ऑक्सफर्डजवळच्या कडस्डनला व्हिकरेज बांधलं. त्याच्याच कचेरीत फिलिप वेब आणि विल्यम मॉरिस भेटले आणि १८५९ मध्ये वेबने मॉरिससाठी रेड हाउसचा नकाशा काढला. आधुनिक इंग्लिश घराचा उगम रेड हाउसमध्ये शोधतात, पण त्याच्या आधीची तालीम पाद्र्यांच्या घरांवर झालेली आहे. मुंबईकरांना या काळातली दोन नावं परकी नाहीत. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या फरश्या आणि आतली सजावट याच बटरफील्डची, आणि राजाबाई टॉवरचा नकाशा काढणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हा गॉकॉट नावाच्या खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा.

या काळाने सगळ्या रेक्टरींना दिलेली एक गोष्ट तुमच्याकडेही असेल: पुढच्या दाराजवळची अभ्यासिका. लग्नाची नोंद, दफनाची वेळ, गरिबांची मदत यांसाठी गावकरी येत. त्यांनी बैठकीच्या खोलीतून जाऊ नये म्हणून ही खोली दाराला लागून, कधी तिला बाहेरून वेगळं दारही. आजही चर्च नवं घर बांधतं तेव्हा अभ्यासिका दाराशीच ठेवतं.

उतरती कळा लागली ती १८७० च्या दशकानंतर. दशांशाची रक्कम गहू, बार्ली आणि ओट्सच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी बांधलेली होती. अमेरिकेतून स्वस्त धान्य आलं, भाव पडले आणि रेक्टरचं उत्पन्नही त्यांच्याबरोबर खाली गेलं. घर मात्र तेवढंच राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर नोकरमाणसं मिळेनाशी झाली. १९३६ मध्ये दशांशाची ती रक्कमही बंद झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर गावं एकत्र जोडून एकेका पाद्र्याकडे सोपवली गेली आणि धर्मप्रांतांनी मोठी घरं धडाधड विकली. तेव्हाच ‘रेक्टरी’ची ‘ओल्ड रेक्टरी’ झाली. अनेकदा बागेचा एक कोपरा राखून तिथे पाद्र्यासाठी छोटं विटांचं घर बांधलं गेलं. तुमच्या फाटकाशेजारी साठच्या दशकातला एखादा साधा बंगला असेल तर तो बहुधा तोच. अशा वेळी रस्ता कुणाचा, सांडपाण्याची नळी कुणाच्या जमिनीतून जाते, कुंपणाची भिंत कुणी सांभाळायची, हे विक्रीच्या कागदात वकिलाकडून नीट वाचून घ्या. चर्चने विकताना घातलेल्या अटीही त्यातच सापडतील.

वकिलाला आणखी एक विचारा: चॅन्सल रिपेअर. जुन्या रेक्टरपणाच्या जमिनीबरोबर चर्चच्या पूर्वेकडच्या भागाची दुरुस्ती मालकाच्या गळ्यात येऊ शकते. वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलोचं प्रकरण २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि शेतमालक हरले. दुरुस्तीचा आकडाच सुमारे १ लाख ८७ हजार पौंडांवर गेला. ही जबाबदारी ‘ओल्ड रेक्टरी’ या नावाशी चिकटलेली नसते, विशिष्ट जमिनीशी असते. आणि १३ ऑक्टोबर २०१३ नंतर, नोंदणीकृत जमीन पैसे मोजून घेणाऱ्याच्या बाबतीत, ती जमिनीच्या नोंदीत दाखल नसेल तर सहसा लागू होत नाही. घाबरू नका, पण वकिलाचं उत्तर लेखी घ्या.

घर संरक्षित यादीत असेल, आणि वर्णनावरून असावंच, तर आतली भिंत काढायलाही परवानगी लागते. विनापरवाना बदल हा गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम पूर्ववत करायची नोटीस तुमच्यावरही निघू शकते आणि तिला मुदतीची मर्यादा नाही. म्हणून प्लास्टिकच्या खिडक्या किंवा गायब झालेली धुराडी दिसली तर परवानगीचे कागद मागा.

शेवटी पाहणी. माझ्या अनुभवात या घरांचं मुख्य दुखणं पुढच्या आणि मागच्या भागाच्या सांध्यात असतं. दोन छपरांच्या मध्ये शिशाची पन्हळ असते, ती खालून दिसत नाही, पानांनी तुंबते आणि पाणी थेट तुळयांच्या टोकांवर जातं. पाहणी करणाऱ्याला शिडी लावून तिथे चढायला सांगा. नुसतं दुर्बिणीने पाहून दिलेला अहवाल घेऊ नका. दर्शनी भिंतीला पोट आलं आहे का ते बाजूने डोळा लावून पाहा. चांगल्या विटा महाग, म्हणून जॉर्जियन गवंडी पुष्कळदा टोकं बाहेर दिसणाऱ्या विटा अर्ध्या तोडून लावत; दिसायला फ्लेमिश बाँड, पण बाहेरचा थर आतल्याला नीट बांधलेलाच नसतो. शिवाय भिंतीच्या आतल्या अंगाला लाकडी पट्ट्या चिणलेल्या असतात. त्या कुजल्या की भिंत बसते. दोन्हीवर इलाज आहेत, फक्त किमतीची बोलणी करण्याआधी ते कळलेलं बरं.

आणि सिमेंट. चुन्याच्या भिंतीतली ओल चुन्यातूनच बाहेर पडते. कुणी विटांमधल्या फटी सिमेंटने भरल्या असतील तर ओल विटेतून निघते, थंडीत गोठते आणि विटेचा चेहरा सुटून पडतो. मागच्या भागात मातीची भिंत असेल आणि तिच्यावर सिमेंटचा गिलावा असेल तर धोका याहून मोठा: आत पाणी साठून माती खालून विरघळते आणि बाहेरून सगळं ठणठणीत दिसत राहतं. गिलाव्याला जमिनीलगत फुगवटा दिसला तर तिथे थोडा भाग उघडून पाहायची परवानगी विकणाऱ्याकडे मागा. त्याने नाही म्हटलं तर तो भाग पूर्ण नव्याने करावा लागेल असं धरूनच भाव सांगा.